मालीमचा ऑक्टोपस घरी आणण्याआधी

तुम्ही विचारलंत ते आधी मांडतो. गोव्यात पर्वरीला फ्लॅट. हॉलमध्ये तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यात दीड वर्षापासून दोन क्लाउनफिश आणि एक क्लीनर श्रिंप सुखाने नांदताहेत. मालीम जेटीवर ट्रॉलरवर कामाला असलेला मित्र म्हणतो, मासेमारीची बंदी लागायच्या आत एक जिवंत ऑक्टोपस बादलीतून आणून देतो. मुलगी बारा वर्षांची, तिने नावसुद्धा ठरवून ठेवलंय. तर आणायचा का, आणि आहे त्याच टाकीत सोडला तर चालेल का?

बादलीतला आणू नका. मित्राला आजच फोन करा, नाहीतर तो खरंच घेऊन दारात उभा राहील आणि मग तुमच्याने नाही म्हणवणार नाही. मी फोंड्याचा. हॉटेलांत आणि घरांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवण्या-सांभाळण्याचं काम बावीस वर्षं करतोय, आणि एवढ्या काळात स्वतःच्या घरी पाच ऑक्टोपस ठेवले. त्यातले दोन निव्वळ माझ्या चुकीने गेले. त्या दोघांच्या जिवावर शिकलेलं तुम्हाला सांगतो.

ट्रॉलचं जाळं तळ खरवडत तास-दोन तास ओढलं जातं. तेवढा वेळ ऑक्टोपस चपटे लेपो मासे, कुर्ल्या (खेकडे), शिंपले आणि चिखल यांच्या ढिगाखाली चेंगरलेला असतो. अंगावर खवले नाहीत, कवच नाही. नुसती ओली उघडी कातडी, आणि ती खरचटली की जखम चिघळते. वर आल्यावर डेकवरचं ऊन, मग बादलीत चार-पाच लिटर पाणी, तेही तापत चाललेलं. घाबरून शाई सोडली की बादलीत ती त्याच्याच कल्ल्यांवर बसते. माझ्याकडे असाच एक आला होता, दोन हात अर्ध्यावर तुटलेले. हात पुन्हा फुटतात, पण त्याला तेवढी सवड मिळाली नाही. चौथ्या दिवशी गेला. शिवाय जाळ्यात येतो तो बहुधा पूर्ण वाढलेला असतो, आणि ऑक्टोपसच्या बाबतीत पूर्ण वाढलेला म्हणजे म्हातारपणाच्या उंबरठ्यावरचा.

लेकीला पहिल्यांदा हेच सांगा, टाकी-बिकी नंतर. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलमध्ये नेहमी दिसतो तो ॲम्फिऑक्टोपस मार्जिनेटस. इंग्रजीत याला नारळाचा ऑक्टोपस म्हणतात, आणि २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी इंडोनेशियात हाच प्राणी नारळाच्या करवंट्या पोटाखाली धरून, हातांवर उभा राहून चालत नेताना पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. गोव्याला शोभेल असाच प्राणी. धड सात-आठ सेंटिमीटरचं, आणि आयुष्य वर्षभराच्या आसपास. लहानसा मिळाला तरी तुमच्या घरी तो सात-आठ महिने, फार तर दहा. २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये सामन्यांचे निकाल सांगणारा तो जर्मनीतला पॉल आठवत असेल. तो मोठ्या जातीचा होता, दिमतीला अख्खं मत्स्यालय होतं, तरी त्याच ऑक्टोबरात गेला, तीन वर्षांचाही झाला नव्हता. कुत्रा-मांजर आणतो त्या हिशेबाने हा आणू नये. पाहुणा येतो तसा आणावा, आणि जाणार हे ठाऊक ठेवून.

आता वेळेचं गणित. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. ते ६१ दिवस तुम्ही टाकीला द्या. जूनमध्ये नवी टाकी मांडायची, गणेश चवथीपर्यंत तिचं पाणी पिकू द्यायचं, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढू द्यायचे, आणि प्राणी दिवाळीनंतर, समुद्र निवळून पाणी पुन्हा खारं झाल्यावर. लेकीला सहा महिने थांबावं लागेल. थांबू दे. थांबणं जमत नसेल तर हा प्राणीही जमणार नाही.

नवी टाकी कशाला, तर तीन फुटीत तुमच्याकडे दगड-वाळू धरून जेमतेम शंभर-एकशेदहा लिटर पाणी आहे. ऑक्टोपस मांसाहारी, खादाड, आणि त्याच वजनाच्या माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करणारा. एका रात्रीत एवढ्याशा पाण्यात अमोनिया चढतो. दुसरं म्हणजे ते क्लाउनफिश आणि ती श्रिंप तो खाणार. आज नाही तर चार दिवसांनी, दिवे गेल्यावर. ऑक्टोपस एकटाच ठेवायचा. दुसरा ऑक्टोपससुद्धा नको, ते एकमेकांना खातात. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी बनवून घ्या, अडीचशे लिटरची, आणि खाली शंभर लिटरचा संप, म्हणजे फिल्टर आणि पंप ठेवायची दुसरी टाकी. फेसातून घाण काढणारा स्किमर तुमच्याकडे आहे त्याच्या दुप्पट पाण्याला पुरतो असं कंपनी सांगते तो घ्या. त्यात कंजूषी केलीत तर आठवड्याला तीनदा पाणी बदलत बसाल. पैसे वाचतात ते दिव्यांत. प्रवाळाच्या टाकीला लागतात तसे झगझगीत दिवे इथे लागत नाहीत, उलट त्याला अंधारच आवडतो. साधा मंद दिवा पुरे, आणि रात्री बघायला लाल.

पाणी पिकवण्यासाठी तुमच्याकडे एक फायदा आहे. जुन्या टाकीतले जिवाणू तयार आहेत. तिच्या फिल्टरमधले सिरॅमिकचे तुकडे, थोडी वाळू नव्या संपमध्ये टाका, वर सुंगटाचा (कोळंबीचा) एक तुकडा कुजायला ठेवा आणि अमोनिया, नायट्राइट मोजत राहा. दोन्ही वर जाऊन पुन्हा शून्यावर आले की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे चार-पाच कुर्ल्या आणि शंखवाले जीव सोडून महिना-दीड महिना टाकी त्यांच्यावर चालवणं. ज्या पाण्यात कुर्ली कात टाकून जगते ते पाणी बरं आहे असं मी समजतो.

पण जुन्या टाकीतलं काही हलवण्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या: दीड वर्षात माशांना पांढरे ठिपके आले म्हणून कधी औषध घातलंत का? त्या औषधांपैकी बऱ्याच औषधांत तांबं असतं. श्रिंप जिवंत आहे, म्हणजे आता पाण्यात तांबं नाही असं धरू. पण ती यायच्या आधी? तांबं काचेच्या सांध्यांतल्या सिलिकॉनमध्ये आणि दगडांत मुरून बसतं आणि महिनोन् महिने थोडं थोडं सुटत राहतं. माझा पहिला ऑक्टोपस यानेच मेला. टाकी जुनी घेतली होती, स्वस्तात, आधीच्या मालकाने तिच्यात काय घातलं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा रंग उडाला. उडाला म्हणजे राखाडीसुद्धा नाही, धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा. हात काचेवर चिकटेनात, नुसते लोंबत होते. रात्री अकराला तांब्याची चाचणी केली, तेव्हा कुपीतल्या पाण्याला निळसर छटा आली.

गंमत अशी की याचं स्वतःचं रक्त तांब्यावरच चालतं. आपल्या रक्तात लोह, याच्या रक्तात तांबं, म्हणून ते निळं. पण पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला विष. तेव्हा या टाकीचं पाणी तांब्याच्या कळशीतून, घागरीतून, तांब्यातून कधीही ओतायचं नाही. आमच्याकडे आईने एकदा पाणी कमी दिसलं म्हणून देवाच्या तांब्यातून घातलं होतं, प्रेमानेच. त्या दिवसापासून टाकीशेजारी निळा प्लास्टिकचा मग दोरीने बांधलेला आहे. पितळी व्हॉल्व्ह नको. नाणी हाताळणाऱ्या लहान मुलांवर लक्ष. आणि जुन्या फ्रिजची किंवा खिडकीतल्या एसीची कॉइल पाण्यात बुडवून पाणी थंड करणारा घरगुती चिलर बनवणारे आपल्याकडे पुष्कळ कारागीर आहेत, त्यांचं ऐकू नका. ती कॉइल तांब्याची असते. विकतच्या ॲक्वेरियम चिलरमध्ये टायटॅनियमची असते, त्याचेच पैसे मोजायचे.

चिलर लागणारच. यावर लोक माझ्याशी वाद घालतात. म्हणतात, समुद्राचं पाणी मे महिन्यात तापतंच की, तो प्राणी तिथे राहतो ना? राहतो, पण तळाशी, आणि नको वाटलं तर खोल निघून जातो. तुमच्या हॉलमध्ये त्याला जायला जागा नाही. मे महिन्यात बंद फ्लॅटमधली टाकी ३२ अंशांवर सहज जाते. खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे पावणेसात मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ ला सहाच्या आसपास. प्राणवायू घटतो तेव्हाच प्राण्याचं शरीर मात्र जास्त मागतं, आणि ते निळं रक्त प्राणवायू वाहून नेण्यात आपल्या लाल रक्ताइतकं तरबेज नाही. भरीला, ऊब वाढली की तो भराभर वाढतो आणि भराभर म्हातारा होतो. आधीच वर्षाचं आयुष्य, त्यातले दोन महिने तुम्ही उन्हाळ्याला द्याल.

पुण्या-नागपूरकडचे छंदी लोक पाण्यावर पंखे लावून तीन-चार अंश उतरवतात. तिथे जमतं, कारण हवा कोरडी असते, पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे मेमध्ये हवाच घामेजलेली. पंखा गरगरतो, वीज जाते, पाणी तिथल्या तिथे. चिलर २५ वर लावा. तो मागून गरम हवा सोडतो, म्हणून त्याला लाकडी कपाटात कोंडू नका; बाल्कनीत ठेवून नळ्या आत घेतल्या तर उत्तम.

वीज जाण्याचा विषय गोव्यातल्या माणसाला काय सांगायचा. मृगाच्या पहिल्या गडगडाटाला फीडर पडतोच. इन्व्हर्टरवर चिलर घालू नका, तो तासाभरात बॅटरी संपवेल. इन्व्हर्टरवर फक्त संपमधलं पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप आणि एअर पंप. वेगळा बॅटरीचा एअर पंप कपाटात. फ्रीजरमध्ये एक-एक लिटरच्या चार बाटल्या गोठवलेल्या; एक संपमध्ये तरंगत ठेवायची, वितळली की दुसरी. असं मी अकरा तास काढलेत.

पाणी मिरामारहून किंवा दोनापावलहून आणू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. मिरामार म्हणजे मांडवीचं मुख. पावसात तिथे वरचं पाणी जवळजवळ गोडं असतं, डिझेलचा तवंग वेगळाच. ऑक्टोपसला खारटपणा हजारी ३५ च्या आसपास लागतो. ३० च्या खाली तो टिकत नाही, कारण शरीरातलं मीठ बाहेरच्या पाण्याशी जुळवून घेण्यापलीकडे त्याच्याकडे उपाय नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये होडीने बाहेर जाऊन कुणी स्वच्छ पाणी आणून दिलं तर मी घेतो. एरवी आरओचं पाणी आणि ॲक्वेरियमचं मीठ. तुमच्या सगळ्या पाण्याला पहिल्या खेपेस बारा-तेरा किलो मीठ लागेल, पुढे आठवड्याला चाळीस-पन्नास लिटर बदलायला दोन किलोच्या आसपास. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तरंगत्या काचेच्या नळीवर विसंबू नका. उडालेलं पाणी गोड्या पाण्याने भरायचं, मीठ उडत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, विहिरीच्या पाण्यातलं लोखंड, दोन्ही नको.

आता झाकण. याच्या शरीरात कठीण अशी एकच वस्तू, पोपटासारखी चोच. चोच जाईल तिथून अख्खा प्राणी जातो. माझा तिसरा ऑक्टोपस जुलैतल्या एका रात्री वायरी घालण्याच्या खाचेतून बाहेर पडला. खाच दोन सेंटिमीटरसुद्धा नव्हती. सकाळी टाकी रिकामी, खाली टाइलवर सुकलेल्या मिठाचा वळणावळणाचा पट्टा. त्याच्या मागे मागे गेलो तर तो पट्टा न्हाणीच्या दाराशी संपला. पायपुसणं ओलं होतं, पाऊस होता म्हणून रात्रभर वाळलं नव्हतं. त्याच्या एका कोपऱ्याला फुगवटा. उचललं, तर खाली हा, पायपुसण्याच्या तपकिरी रंगाचा होऊन बसलेला, डोळा माझ्यावर. ओल्या हाताने पाण्यात सोडला. नंतर तो तीन महिने जगला, पण मला आजही पायपुसण्यावर पाय ठेवताना खाली बघायची सवय आहे.

कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका पिअरच्या मत्स्यालयात २००९ साली एका ऑक्टोपसने टाकीची व्हॉल्व्हच फिरवली आणि रात्रीतून साडेसातशे लिटर पाणी जमिनीवर गेलं. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता माहीत नाही, खाली कुणी राहत असेल तर हे ध्यानात ठेवा. झाकण जाड काचेचं किंवा ॲक्रिलिकचं, चारी बाजूंनी खिट्ट्या. नुसता दगड ठेवून भागत नाही, तो ढकलतो. हवा खेळायला बारीक प्लास्टिकची जाळी, भोकं त्याच्या डोळ्यापेक्षा लहान. वायरी-नळ्यांच्या खाचा स्पंजने ठासून. संपकडे जाणाऱ्या ओव्हरफ्लोलाही जाळी, आणि पंपाच्या तोंडाला स्पंज, कारण हात आत खेचला जातो आणि तुटतो. हे सगळं प्राणी येण्याआधी, आल्यावर नाही.

आत सजावट फार नको. वाळू, दोन-तीन मातीच्या कुंड्या, मोठे शंख, आणि अर्थात करवंट्या, चांगल्या खरवडून, महिनाभर पाणी बदलत भिजवून रंग उतरवलेल्या. प्रवाळाचे दगड कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या संरक्षित आहेत. हणजूणच्या खडकांवरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणाराही त्यात अडकतो.

मग प्राणी कुठून आणायचा? मला शेवटचे दोन बाणावलीच्या रापणीत मिळाले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून वाळूवर ओढून घेतात ते जाळं, त्यात ट्रॉलसारखं चेंगरत नाही, आणि छोटे ऑक्टोपस शंखात नाहीतर करवंटीत बसलेले तसेच्या तसे येतात. रापणकारांशी ओळख काढा, नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे जा, झाकणाचा वीस लिटरचा ड्रम आणि बॅटरीचा एअर पंप घेऊन. लिंबाएवढं धड असलेला निवडा, शंखासकट उचला, बाहेर ओढू नका. अंगावर कुठेही चमकती निळी वर्तुळं दिसली की हात न लावता सोडून द्या. आपल्या किनाऱ्यावरच्या काही निरुपद्रवी जातींनाही तसा एखादा डोळ्यासारखा ठिपका असतो, पण निळ्या वर्तुळांच्या खऱ्या ऑक्टोपसच्या विषावर उतारा नाही. ओळख पटवण्याच्या भानगडीत पडायचंच नाही. घरी आल्यावर ड्रममध्ये टाकीचं पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडत दोन-तीन तास जाऊ द्या, मग शंख अलगद टाकीत ठेवा आणि निघून जा. दोन दिवस दर्शन होणार नाही. मुलांना काचेवर टकटक करू देऊ नका.

पहिले दोन-तीन आठवडे जिवंत कुर्ल्या, त्याच्या डोक्याएवढ्या किंवा लहान. लहान ऑक्टोपसला रोज, मोठ्याला दिवसाआड. नंतर काडीला लावून सुंगटं आणि तिसऱ्या, शिनाणी असे शिंपले द्यायची सवय लावता येते. मासळी स्थानिक होडीची घ्या. २०१८ च्या जुलैत परराज्यांतून येणाऱ्या मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गोव्यात केवढा गदारोळ झाला होता. आपण घाबरत घाबरत खातो ते याच्या टाकीत नको. बंदीच्या काळात खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेतांच्या) मानशीजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळ, लहान कुर्ल्या मिळतात. उरलेलं खाणं तासाभरात काढायचं, कुर्लीची कवचं तो स्वतः दाराबाहेर टाकतो ती सकाळी उचलायची.

लेक कुर्ली मरताना बघेल, याचा विचार केलाय का? ब्रिटनने २०२२ मध्ये प्राण्यांच्या संवेदनांविषयी कायदा केला, त्यात ऑक्टोपसला सुखदुःख जाणवतं असं मान्य केलं. त्याच कायद्यात कुर्लीही आहे. माझ्या पुतणीने मला हे विचारलं होतं, मला उत्तर देता आलं नाही. मी कुर्ल्या घालतच राहिलो.

चौथी होती ती मादी. उजवीकडच्या तिसऱ्या हाताचं टोक बघायचं; नराच्या त्या टोकाला चूषक, म्हणजे चिकटणाऱ्या वाट्या, नसतात. हिला शेवटपर्यंत होते. आम्ही तिला बाय म्हणायचो. महिन्याभरात ती मला ओळखू लागली. ओळखणं हा माझा भास असेल असं मला आधी वाटायचं, पण सिअ‍ॅटल मत्स्यालयातल्या ऑक्टोपसांवर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खाऊ घालणारा माणूस आणि त्रास देणारा माणूस यांना त्यांनी वेगवेगळी वागणूक दिली होती, दोघांचा गणवेश एकच असून. माझी बायको टाकीपुढे आली तर बाय बाहेर यायची, मी आलो तरी यायची, आमच्या शेजाऱ्याला मात्र पाण्याची पिचकारी. बोट पाण्यात धरलं की आधी एका हाताचं निमुळतं टोक येई, थबके, मग एकेक चूषक क्रमाने लागत जाई, नखाच्या कडेवरून पेराकडे, आणि सुटताना प्रत्येकाचा चुट असा बारीक झटका. त्या चूषकांना चव कळते. म्हणजे ती मला चाखत होती. त्या दिवशी दुपारी कैरी चिरली होती, हात धुतले होते तरी तिने झटकन हात मागे घेतला.

यावरून एक नियम. हात घालण्याआधी साबण लावलेला हात तीन-तीनदा नुसत्या पाण्याने धुवायचा. डासांचं मलम, सनस्क्रीन, अत्तर लावलेला हात घालायचाच नाही. त्या खोलीत डासांचं यंत्र, कॉइल, झुरळांचा स्प्रे बंद. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, हे लोक विसरतात. उदबत्तीही दुसऱ्या खोलीत.

कंटाळा ही त्याची खरी व्याधी. मज्जापेशी मोजाल तर सुमारे पन्नास कोटी, आणि निम्म्याहून जास्त हातांतच. असा प्राणी नुसता बसवून ठेवला तर स्वतःचे हात कुरतडतो. बायला मी फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत कुर्ली घालून द्यायचो. पहिल्या दिवशी झाकण सैल, मग थोडं घट्ट. नवव्या दिवशी तिने ते पूर्ण फिरवून काढलं, आणि मग कुर्ली सोडून झाकणच घरात घेऊन गेली. रोज अर्धा तास कुणीतरी तिच्याशी खेळायला हवं. लेकीची शाळा, क्लास, परीक्षा बघून ठरवा तो अर्धा तास कुणाचा.

ऑगस्टात बायने खाणं सोडलं. करवंटीच्या आत वरच्या बाजूला तांदळाच्या कणीसारख्या अंड्यांचे झुपके लटकवले, तोंडाशी शंखांचा गडगा घातला, आणि त्या फटीतून दिवसरात्र अंड्यांवर पाण्याचा फवारा मारत राहिली. रापणीत येण्याआधीच तिची नराशी गाठ पडली असणार. मी दाराशी सुंगट धरलं, तिने हातानेच बाजूला सारलं. हा आजार नाही, औषध शोधू नका. डोळ्यांच्या मागे असलेल्या एका ग्रंथीचं हे काम. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की या शास्त्रज्ञाने ती ग्रंथी काढून टाकली तर अंडी घातलेल्या माद्या अंडी सोडून पुन्हा खाऊ लागल्या आणि जास्त जगल्या. घरी ते करता येत नाही. नराचंही असंच होतं, फक्त अंड्यांऐवजी तो दिवसाढवळ्या टाकीभर भरकटत राहतो, कातडीवर पांढरे चट्टे येतात. पिल्लं बाहेर आली तेव्हा ती जेमतेम जिवंत होती. डोळ्याला दिसतील न दिसतील एवढी पिल्लं, तरंगणारी. ती वाढवायला लागणारं सूक्ष्म जिवंत खाद्य घरात पिकवणं मला जमलं नाही, पाच दिवसांत सगळी गेली. बाय त्यांच्या आधी दोन दिवस.

हे महिना-सव्वा महिन्याचं प्रकरण चवथीच्या सुमारास तुमच्या हॉलमध्ये, पाहुण्यारावळ्यांसमोर घडू शकतं. त्या दिवसांत दिवे मंद ठेवायचे, पाणी एरवीपेक्षा जास्त जपायचं, आणि लेकीला सांगून ठेवायचं. आमच्या पुतणीने वहीत रोज लिहून ठेवलं होतं, बाय आज किती वेळा फवारा मारते ते मिनिटाला मोजून.

सगळं वाचून बेत रद्द झाला तर टाकी न मांडताही ऑक्टोपस बघता येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुकतीला (ओहोटीला) हणजूणच्या खडकांवर जा, पायात रबरी बूट घाला, डबक्यांच्या कडेला बसा आणि न हलता पंधरा मिनिटं काढा. नेहमी दिसेलच असं नाही. मला चारांतून एकदा दिसतो.

बेत पक्का असेल तर टाकीवाल्याला मापं देण्याआधी जमिनीचा विचार करा. पाणी, दगड, स्टँड मिळून पाचशे किलोच्या घरात जातं, भिंतीला लागून ठेवा. आणि मित्राला नाराज करू नका, त्याचं काम पुढे आहे. ऑगस्टात होड्या सुटल्या की त्याला म्हणावं, जाळं झटकताना खाली पडतात त्या बोटभर कुर्ल्या आण, जिवंत, ओल्या गोणपाटात गुंडाळून, आठवड्याला वीसेक. बर्फात घालू नकोस म्हणावं, नाहीतर तो सवयीने घालेल.